पिल्लू पार्सलने मागवू नका



मागचे दोन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले. आजचा विषय वेगळा आहे आणि मी जरा चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगते. लेख वाचून काही घरांतून फोन येतील. येऊ देत.

आपल्या घरांत हल्ली कुत्र्याची पिल्लं येऊ लागली आहेत. मुलं परगावी गेली, घरं मोठी आणि रिकामी झाली, नातवंडांना सोबत हवी असते. त्याला माझी हरकत नाही. जैनाच्या घरात कुत्रा असावा का, त्याला काय खाऊ घालायचं, मुनिमहाराजांच्या आहाराच्या दिवशी त्याला कुठे ठेवायचं, यावर वाद घालणाऱ्या घालोत. माझा राग पिल्लू घरापर्यंत ज्या रीतीने येतं त्या रीतीवर आहे.

रीत अशी. मोबाईलवर ब्रीडरचा व्हिडिओ येतो. गुलाबी चादरीवर चार पिल्लं लोळत असतात, मागे गाणं वाजत असतं. आपण बोट लावून सांगतो, हे. फोनवरूनच आगाऊ पैसे जातात. मग आपण विचारतो, 'सांगलीला पोचेल का?' आणि दिल्ली असो, लुधियाना असो, उत्तर ठरलेलं: 'हो जाएगा मॅडम, रोज भेजते हैं.' ते कसं पाठवतात, हे पुढे कुणी विचारत नाही. अहो, फ्रीज मागवला तर आपण दहादा विचारतो, उभाच आणणार ना, आडवा केला तर कॉम्प्रेसर बिघडेल. पिल्लाबद्दल तेवढीही चौकशी नाही.

म्हणून मी माझं म्हणणं एका वाक्यात सांगते आणि मग भांडते. ज्याला स्वतः जाऊन पिल्लू आणता येत नाही, त्याने ते आणू नये.

आता 'रोज भेजते हैं' म्हणजे काय ते बघा. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे रात्रीची खासगी बस. प्लॅस्टिकच्या फळांच्या क्रेटमध्ये किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात पिल्लू ठेवतात, झाकण सुतळीने बांधतात, आणि क्लीनरच्या हातात काही नोटा देऊन ते डिकीत सरकवतात. शेजारी कापडाचे गठ्ठे, कुणाच्या बॅगा, कधी मोटारसायकल. डिकीला खिडकी नसते. पिल्लाने घाण करू नये म्हणून निघायच्या आधी त्याला खायला दिलेलं नसतं. काही जण झोपेचं औषधही देतात, आणि कुठल्याही जाणत्या व्हेटला विचारा, प्रवासात असं गुंगीचं औषध द्यायला तो नकोच म्हणेल, कारण त्याने श्वास आणि रक्तदाब दोन्ही मंदावतात आणि बघायला जवळ कुणी नसतं.

दुसरा मार्ग रेल्वे. गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनहून निघाली की मिरजेला यायला तीस तासांच्या वर लागतात. रेल्वेचे नियम खरं तर बरे आहेत. एसी फर्स्टचा दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्रा आपल्यासोबत बसतो. नाहीतर त्याची जागा गार्डाच्या डब्यातली, डॉगबॉक्समध्ये. ती एक लोखंडी पेटी असते. जाळीच्या दाराची, अंधारी, उन्हाळ्यात तापणारी. आणि तिथेही अन्नपाण्याची सोय मालकाने करायची असते. मालक सांगलीत बसून 'ट्रेन कहाँ तक आयी' असे मेसेज करत असेल तर वाटेत भोपाळला किंवा मनमाडला उतरून पाणी कोण पाजणार?

तिसरा मार्ग विमान. त्याबद्दल थोडक्यात एवढंच की, अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून केबिनमध्ये पाळीव प्राणी नेऊ द्यायला सुरुवात केली, एअर इंडियाही नेते, पण त्याला वजनाची मर्यादा आहे, आधी नोंदणी आणि व्हेटचा दाखला लागतो, आणि मुख्य म्हणजे सोबत माणूस लागतो. चपट्या नाकाची पिल्लं, म्हणजे पग, शित्झू वगैरे, मालाच्या भागात घ्यायला तर अनेक विमान कंपन्या नाहीच म्हणतात, कारण त्यांना मुळातच श्वास पुरत नाही. आणि आपल्याकडे मागणी नेमकी त्यांचीच.

कायदा नाही असं कुणी म्हणू नका. 'ट्रान्सपोर्ट ऑफ ॲनिमल्स रूल्स' १९७८ सालचे आहेत. त्यात कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा भाग आहे. व्हेटचा आरोग्य दाखला नसेल तर वाहतूक करणाऱ्याने प्राणी घ्यायचाच नाही. निघण्याआधी किमान दोन तास खायला-प्यायला द्यायचं, उपाशी किंवा तहानलेला प्राणी बांधायचा नाही. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी, हिवाळ्यात दर सहा तासांनी. मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा खाणं चालेल, पिल्लाला मात्र दर चार तासांनी. रेल्वेचा प्रवास सहा तासांहून जास्त असेल तर सोबत माणूस हवाच. आता डिकीतला तो क्रेट आठवा आणि यातलं एक तरी कलम तिथे पाळलं जातं का सांगा.

आणि मोडलं तर? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला यातना होतील अशा रीतीने नेणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मी छपाईची चूक वाटून पुन्हा वाचलं. चूक नाही. सांगलीच्या स्टँडवर आज पन्नास रुपयांत दोन जणांचा धड नाश्ता होत नाही. तेव्हा पोलीस येतील, कोर्ट बघेल, या भरवशावर राहू नका. इथे जे काही पाळायचं ते आपणच पाळायचं.

आणि आपल्याला तर ते कधीच सांगून झालेलं आहे. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचं वाचन आपण ऐकतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो, व्रतांचा. त्यात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. लहानपणी पाठशाळेत आपण ते पाठ केले. बैलाला आखूड दाव्याने बांधू नये, चाबकाने मारू नये, नाक-कान कापू नयेत, गाडीत जास्त ओझं घालू नये, दाणा-पाणी तोडू नये, असा अर्थ पंडितजी सांगायचे. तेव्हा आपल्याला वाटायचं, आपल्याकडे कुठे बैल आहे, आपण सुटलो.

बंध: झाकणाला बांधलेली सुतळी, उभं राहता येऊ नये एवढा क्रेट. छेद: डॉबरमन किंवा बॉक्सरला 'लुक' यावा म्हणून काही दिवसांच्या पिल्लाची छाटलेली शेपटी. वध म्हणजे ठार मारणं नव्हे, मारहाण. रात्रभर खड्ड्यांतून जाणारी बस त्याला काय वेगळं करते? अतिभार तेवढा पिल्लावर कुणी घालत नाही हे मान्य, शेजारचा गठ्ठा वळणावर त्याच्या खोक्यावर कलंडला नाही तर. आणि अन्नपाननिरोध तर उघडच आहे. तो या धंद्यात चुकून होत नाही, तो ठरवून करतात, डिकी स्वच्छ राहावी म्हणून. आपण अष्टमी-चतुर्दशीला उपवास करतो तो स्वतःच्या इच्छेने. दुसऱ्यावर लादला की त्याला उपवास म्हणत नाहीत.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो. 'मी कुठे बांधलं? ते ट्रान्सपोर्टवाल्याने केलं.' मला हा युक्तिवाद दोन अंगांनी पटत नाही. एक आपलं घरचं अंग: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलेलं, करवून घेतलेलं आणि संमती दिलेलं, तिन्हींचा बंध होतो. पैसे आपण पाठवले, पत्ता आपण दिला, 'लवकर पाठवा' असं आपण म्हटलं. हे कारित नाही तर काय?

दुसरं अंग माझ्या बी.कॉम.चं. मर्कंटाइल लॉच्या पेपरला 'सेल ऑफ गुड्स ॲक्ट', १९३० असायचा. त्याच्या ३९ व्या कलमात असं आहे की, करारानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, तो ग्राहकालाच दिला असं सर्वसाधारणपणे धरतात. ब्रीडर लोक हे कलम वाचलेले नसतील, पण वागतात बरोबर त्याच्याप्रमाणे: 'गाडी में बैठने के बाद हमारी ज़िम्मेदारी नहीं.' आपल्याला हे वाक्य ऐकून राग येतो. मला उलट वाटतं की त्या सगळ्या संभाषणातलं एवढंच वाक्य खरं आहे. पिल्लू गाडीत चढलं त्या क्षणी ते तुमचं झालं. म्हणजे ते तीस तास ब्रीडरचे नाहीत, क्लीनरचे नाहीत, तुमचे आहेत. तुमच्या कुत्र्याला तुम्ही पहिले तीस तास उपाशी, तहानलेलं, अंधारात ठेवलंत. नंतर त्याला कितीही मऊ गादी आणा.

आता पंचेचाळीस दिवसांबद्दल लिहायलाच हवं. जाहिरातीत बघा, सगळीकडे '४५ डेज' असतं. हा आकडा कुठून आला? कायद्यातून नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे जे नियम २०१७ मध्ये निघाले त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची होण्याआधी तिला गाभण ठेवायचं नाही, तिच्या आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत, हेही त्यातच आहे. छप्पन्न आणि पंचेचाळीस यांत अकरा दिवसांचा फरक. या अकरा दिवसांत पिल्लू खायला लागलेलं असतं, म्हणजे खर्च वाढतो. लसीचा खर्च येतो. आणि ते थोराड दिसायला लागतं, व्हिडिओत तितकं गोड दिसत नाही. ब्रीडरच्या वहीत या अकरा दिवसांचं मोल आहे.

पिल्लाच्या बाजूनेही मोल आहे, आणि ते जिवाचं आहे. आईच्या दुधातून, विशेषतः पहिल्या चिकातून, मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून ओसरायला लागते. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, म्हणजे पुरेसं संरक्षण यायला चार महिने उजाडतात. पंचेचाळिसावा दिवस म्हणजे आईची छत्री मिटत आली आणि स्वतःची अजून उघडली नाही, अशी वेळ. नेमकी हीच वेळ साधून आपण त्याला आईपासून तोडतो, भावंडांपासून तोडतो, दिवसभर उपाशी ठेवतो आणि अशा डिकीत घालतो जिथे मागच्या आठवड्यात दुसरं पिल्लू होतं. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि बाहेर महिनोन् महिने टिकतो. डिकी पुसली तरी जात नाही. शिवाय छोट्या जातींच्या पिल्लांच्या अंगात साठाच नसतो. किलोभराचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी त्याची साखर उतरते, ते थरथरतं, ग्लानीत जातं. आपण म्हणतो, 'दमलंय, झोपू दे.'

आमच्या मागच्या गल्लीत अशी एक पामेरियन आली होती, बंगळूरहून, रात्रीच्या बसने. मी सकाळी देवळातून येत होते, तेव्हा त्या घरचा मुलगा क्रेट घेऊन रिक्षातून उतरला. क्रेटच्या तळाला गोणपाट होतं, ते ओलं होतं. पिल्लू त्यावर पोट टेकून पडलेलं, जीभ बाहेर, पांढरे केस पिवळे झालेले. पाण्याची वाटी पुढे ठेवली तर त्याने तोंड वाटीत घातलं ते काढेचना. तीन दिवस बरं होतं. घरभर फोटो काढले, नाव ठेवलं, पेढे वाटले, मलाही आणून दिले. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब, सलाईन, सहाव्या रात्री गेलं. ब्रीडरला फोन केला तर तो म्हणाला, आमची गॅरंटी अट्ठेचाळीस तासांची होती, तुम्ही पावती वाचा. पावतीवर तसंच होतं. पार्व्हो अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. गॅरंटी दोन दिवसांची. ज्याने ही अट लिहिली त्याला रोगही माहीत आहे आणि हिशेबही.

त्या घरच्या वहिनी मला म्हणाल्या, 'आमचं नशीब.' नशीब तुमचं नव्हतं वहिनी, पिल्लाचं होतं. आणि कर्माचा उदय म्हणून सोडून द्यायचं तर मग गोशाळेला आणि पांजरपोळाला देणगी तरी कशाला द्यायची? पर्युषणात जीवदयेच्या पावत्या फाडायच्या, बोलीत आकडे वाढवायचे, आणि नातीच्या वाढदिवसाला बसच्या डिकीतून जीव मागवायचा, हे दोन्ही एका वहीत कसं बसवतात मला कळत नाही.

आपल्या श्वेतांबर मैत्रिणींना तर आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. श्रावकाने टाळायचे जे पंधरा धंदे, कर्मादान, सांगितले आहेत त्यांत केशवाणिज्य आहे, म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची खरेदी-विक्री. असतीपोषणही आहे, आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रे पाळणं त्यात धरलं आहे. म्हणजे ब्रीडिंगचा धंदा नवा नाही आणि त्याबद्दलचं मतही नवं नाही. धंदा करणारा पाप करतो आणि त्याचं गिऱ्हाईक मात्र कोरडं राहतं, असं तर कुणी सांगितलेलं नाही.

'आपण चांगल्या घरी आणतो, त्याची सुटकाच करतो,' असंही म्हणतात. त्याची सुटका होत असेल. पण त्याच्या आईचं काय? एक पिल्लू पटकन खपलं की तिला पुढच्या माजाला पुन्हा लावतात. आणि ती आई तुम्हाला कधी दिसत नाही. व्हिडिओत चादर असते, पिल्लं असतात, आई नसते. मला या दूरच्या वाहतुकीची सगळ्यात मोठी चीड येते ती यासाठी. तुम्ही स्वतः गेलात तर दार उघडावं लागेल. आई कशी आहे, तिच्या स्तनांची काय अवस्था आहे, ती पिंजऱ्यात आहे की घरात, जमीन ओली आहे का, वास कसला येतो, बाकीची पिल्लं खोकतात का, सगळं दिसेल. माझी खात्री आहे की, गेलेल्यांतली निम्मी माणसं रिकाम्या हाताने परत येतील. ब्रीडरलाही हे माहीत आहे, म्हणूनच तो म्हणतो, 'आने की ज़रूरत नहीं मॅडम, घर तक पहुँचा देंगे.' ही सोय त्याची आहे, तुमची नव्हे.

सरसकट सगळ्या प्रवासाला माझा विरोध नाही. बँकेत बदली झाली, फौजेतल्या माणसाची बदली झाली, घरातला सहा वर्षांचा कुत्रा जम्मूहून पुण्याला आणायचा आहे, तर तो आणावाच लागेल. तो मोठा आहे, लसी झालेल्या आहेत, आणि त्याला मागे सोडणं हे त्याहून वाईट. एसी गाडी, सोबत माणूस, वाटेत थांबे असं नीट काम करणारेही आहेत, ते पैसे जास्त घेतात आणि घ्यावेतच. पण पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला दीड हजार किलोमीटर यायचं काहीही कारण नसतं. कारण असतं ते आपल्याला, आणि ते कारण म्हणजे केसांचा रंग.

जातिवंतच हवा असेल तर आपल्या दाराशी काय कमी आहे? मुधोळचा कारवान कुत्रा, आपण कारवानी म्हणतो तो, सांगली-मिरजेकडून सकाळी निघून संध्याकाळी परत यावं इतक्या अंतरावर मिळतो. अर्थात तो पळणारा कुत्रा आहे, त्याला रान लागतं, फ्लॅटमध्ये कोंडायला आणू नका. आणि जातिवंत नको असेल तर तुमच्या गल्लीतल्या गॅरेजमागे दर पावसाळ्यानंतर चार-पाच पिल्लं असतातच. त्यांना आणायला दीडशे पावलं चालावं लागतं. जीवंधरकुमाराने ज्याच्या कानात णमोकार सांगितला आणि जो मरून यक्ष झाला, तो कुत्रा कुठल्या जातीचा होता हे कथेत कुठे आलेलं मला तरी आठवत नाही. मार खाऊन रस्त्यात मरायला टेकलेला होता, एवढंच आहे.

आता आमच्या घरातलंच प्रकरण. माझ्या नणंदेच्या मुलाने लेकीच्या वाढदिवसासाठी दिल्लीहून शित्झू ठरवलं आहे. पिल्लाचे बावीस हजार, ट्रान्सपोर्टचे पाच हजार, पैकी पाच हजार आगाऊ देऊनही झाले. मला फोन करून कौतुकाने सांगत होता, 'मामी, सत्तावीसमध्ये घरपोच.' मी म्हटलं, ब्रीडरचा नोंदणी क्रमांक माग, जन्मतारीख लेखी माग, लसीचं कार्ड आणि आईसोबतचा आजचा व्हिडिओ माग. दोन दिवस झाले, तिकडून 'भेजता हूँ' एवढंच आलं आहे. जाऊन-येऊन कूपेचा खर्च काढला तर पाच हजारांच्या कितीतरी पट होतो, म्हणून तो हिरमुसला आहे. मी म्हटलं, कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. त्याचं खाणं, लसी, डॉक्टर धरून आकडा मांड आणि मग हे भाडं त्यात कितवा हिस्सा आहे ते बघ. जो हे भाडं देऊ शकत नाही तो पुढची बारा वर्षं कशी देणार? आगाऊ दिलेले पाच हजार बुडतील म्हणतो. बुडू देत.

त्याला मी यादीही करून पाठवली आहे, तुमच्याही उपयोगाची म्हणून इथे देते. जायचं तर छप्पन्न दिवस पुरे झाल्यावरच, आणि कडक उन्हाळ्यात नाही. जाताना जुनं मऊ सुती लुगडं न्यावं, ते ब्रीडरकडे आईच्या अंगाखाली तासभर ठेवावं आणि तेच टोपलीत घालावं. तो वास वाटभर पुरतो. निघायच्या दोन-तीन तास आधी थोडं खायला द्यावं, नंतर दर चार तासांनी तेच, जे ते तिथे खात होतं तेच, नवीन काही नाही. पाणी घरून न्यावं. स्टेशनवर किंवा ढाब्यावर पिल्लाला जमिनीवर सोडू नये, सगळ्या लसी होईपर्यंत बाहेरची जमीन त्याच्यासाठी विषच आहे. शी-शू टोपलीत वर्तमानपत्रावर. टोपली एवढी मोठी हवी की त्याला उभं राहून वळता येईल. आरोग्य दाखला हातात असल्याशिवाय निघू नये. आणि घरी पोचल्यावर नातेवाइकांना नव्हे, आधी व्हेटला दाखवावं.

भाच्याचं अजून नक्की नाही. नातीने मात्र मला विचारलं, 'आजी, मी पण जाऊ का आणायला?' मी हो म्हटलं. तिची चार दिवस शाळा बुडेल. वर्गशिक्षिकेला द्यायची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे.